एकट्याला उचलेल अशी फटफटी

१४ ऑक्टोबर १९२६, कुंभारवाडा

लाकडाचा ठेका घेणाऱ्या आमच्या शेठचा निरोप आला. याही हंगामात कुंभारवाड्याचा लाकूडडेपो आणि अणशीकडची झाडतोड, दोन्हींकडचं रायटरचं काम, हजेरी आणि हिशेब, माझ्याच गळ्यात. तट्टू श्रावणात मेलं, तेव्हापासून मी पायीच हिंडतो आहे. शेठ म्हणतो, दुसरं तट्टू घेऊ नका, तेही मरेल. बेळगावच्या कँपातले साहेब विलायतेला परतताना फटफट्या विकून जातात, त्यांतली एक बघा. पैशाचं मी पाहतो. कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवा, कारण बसणार तुम्ही.

मला सायकलसुद्धा धड येत नाही हे शेठला कुठे ठाऊक आहे.

पण दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. फटफटी असली तर शनिवारी हजेरी उरकून लोंढ्याला रेल्वे गाठता येईल. कमलला माहेरी बेळगावास जाऊन दुसरा पावसाळा सरला. हिवतापाने तिचे केस गेले, रंग गेला, तेव्हा मीच तिला पोचवून आलो. 'बरी झाले की बघू,' म्हणाली होती. रान तिला पचलं नाही. खरं तर ते मलाही पचत नाही, पण पगार पचतो. घरी आल्यावर बोलायचं कुणाशी, म्हणून ही वही.

अणशीहून परतताना सुरंगीच्या वळणावर अंधारू लागतं. तिथे वर डोंगरात दोनचार घरं आहेत, खालून दिसत नाहीत. मी वळणावर पोचलो की वरून कुकारा येतो, लांबलचक. थोडं थांबून पुन्हा एक. बाईचा आवाज आहे. नवऱ्याला नाहीतर गुराख्याला घरी बोलावत असेल. संध्याकाळी ज्याला कुणी हाक मारतं त्याचं बरं आहे. मी मान खाली घालून पाय उचलतो. मागे लांबवर कुणाची तरी चूड, गवताची मशाल, पेटलेली दिसते, रानडुकरं राखायला शेतावर निघालेला कुणी असणार. डेपोचं फाटक येईपर्यंत ती मागे असते, मग वळते. त्याचं शेत डेपोच्या जवळपास असावं.

१७ ऑक्टोबर

काल दसरा झाला. खंडेनवमीला पूजेला तट्टू नाही म्हणून नागूने तट्टूच्या रिकाम्या खुंटीलाच झेंडूची माळ घातली. नागू हा डेपोचा राखणदार, माझा भातही तोच शिजवतो. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तट्टूसाठी. मला ताप आला होता तेव्हा नव्हतं.

जेवताना त्याला विचारलं, "सुरंगीच्या वळणावर रोज कोण कुणाला कुकारा घालतं रे?"

"वाटंवर जो आसंल त्याला, सायब."

"आणि त्याने काय करायचं?"

"साद द्यायची. दुसरं काय?"

म्हटलं, गुराख्याला साद द्यायला होतं काय मग? बिचारी रोज दोनदोनदा ओरडते. नागू ताक आणायला आत गेला. या लोकांना सरळ विचारलेलं कळत नाही.

२४ ऑक्टोबर, बेळगाव

आज फटफट्या पाहिल्या. कमल आणि मेहुणे दोघेही बरोबर आले. कमलचे केस चांगले कमरेपर्यंत आले आहेत आणि चेहरा भरला आहे. आता ती दुपारी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला जाते म्हणे. वेळ जायला काहीतरी हवंच माणसाला.

कँपात गुणा मिस्त्रीचं शेड आहे. ठेंगणा, सदा तोंडात तंबाखू, आणि समोरच्याला बोलू न देण्याची सवय. त्याने तीन गाड्या दाखवल्या. पहिली हलकी, चामड्याच्या पट्ट्यावर चालणारी. तिला धरून पळत सुटायचं आणि ती फुर्रकन सुरू झाली की उडी मारून बसायचं. मी म्हटलं, हे आमच्या वयाला शोभत नाही. गुणा म्हणाला, "शोभायचं सोडा, पावसात पट्टा निसटतोय. तुमच्या रानात ही म्हणजे पोरखेळ."

दुसरी लढाईतून आलेली, साखळीवर चालणारी, मातकट रंगाची. दिसायला अगदीच गरीब, पण तिच्यावर बसलो तर दोन्ही पाय सपाट जमिनीला लागले. तिसरी गाडी एका साहेबाची, काळी, भली दांडगी, आणि तिला बाजूला वेताची साइडकार जोडलेली. आत लाल गादी. कुणीतरी शेजारी बसावं म्हणूनच केलेली वस्तू. मी दुसरीवरून उतरलो तो तिच्यापाशीच गेलो.

"रावसाहेब, पहिली गाडी चपलेसारखी बघायची," गुणा म्हणाला. "दिसती कशी ते मागनं. पाय बसतोय का ते आधी."

मग त्याने मधली गाडी चक्क जमिनीवर आडवी केली आणि मला म्हणाला, उचला. मेहुणे हसायला लागले. मी धोतर खोचून हँडल धरलं, गुडघा लावला, आणि उचलली. "ही तुमची," गुणा म्हणाला. "रानात एकटे हिंडणार, तर एकट्याला उचलेल अशीच घ्यायची. गाडी पडणार, हे धरूनच चालायचं."

मी साइडकारवाली आडवी करायला सांगितली. तो म्हणाला, "ती आम्ही तिघं मिळून आडवी करतो, आणि चौघं मिळून उचलतो." पण ती पडेलच कशी? तिला तीन चाकं आहेत. हे मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, तुमच्याकडच्या वाटा बैलगाडीच्या. गाड्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या असणार. हिचं एक चाक चाकोरीत बसलं की बाकीची बसत नाहीत, आणि मग कलंडायला वेळ लागत नाही.

तेवढ्यात कमल साइडकारमध्ये बसून पाहत होती. गुणाने तिला मैदानाभोवती एक फेरी मारून आणली. पदर दातांत धरून ती हसत होती, डोळ्यांना पाणी येईतो. इतकी हसताना तिला मी कुंभारवाड्यात कधी पाहिलं नव्हतं. माझं तिथेच ठरलं.

उतरल्यावर ती म्हणाली, "तुम्ही मधली घ्या."

"आणि तू कुठे बसणार?"

"माझं राहू दे की. माझ्यासाठी म्हणून नका घेऊ काही."

शेठच्या पैशाची, माझ्या हातापायांची केवढी काळजी तिला. मधल्या गाडीत तिची जागाच नाही, तरी मधलीच घ्या म्हणते.

२९ ऑक्टोबर, बेळगाव

साइडकारवाली घेतली. गुणा तंबाखू थुंकून आला.

रोज सकाळी मैदानावर शिकतो. उजव्या हाताशी दोन कांड्या, एक पेट्रोलची आणि एक हवेची. मधून मधून टाकीवरचा दट्ट्या दाबून तेल पाजायचं असतं. विसरलं तर इंजिन आवळतं, जास्त झालं तर मागे धुराचा लोट. शिवाय साइडकारमुळे गाडी सारखी एका अंगाला ओढते. रिकामी साइडकार वळणावर उचलते म्हणून गुणाने आत वाळूचं पोतं ठेवायला लावलं. लाल गादीवर पोतं. चौथ्या दिवशी साहेबांच्या कुंपणात शिरलो. कुंपण मेंदीचं होतं म्हणून निभावलं.

१ नोव्हेंबर, कुंभारवाडा

गाडी लोंढ्यापर्यंत रेल्वेच्या डब्यातून आणली, आणि तिथून जगलबेट, सुपा, जोयडा करत मी स्वतः. सुप्याच्या बाजारात माणसं दुकानं सोडून बाहेर आली. एका म्हातारीने नमस्कार केला, मला की गाडीला ते कळलं नाही. पुढे वाट अरुंद झाली तशी गुणाची चाकोरी आठवली. डावं चाक खड्ड्यात आणि उजवं उंचवट्यावर, असा मी कलता कलता घरी पोचलो. पाठीचा पार भुगा झाला आहे. पण पोचलो, आणि दिवस मावळायच्या आत पोचलो. नागूने खुंटीवरची झेंडूची वाळकी माळ काढून हँडलला बांधली.

७ नोव्हेंबर

दिवाळी गेली. कमल येणार म्हणून पोतं काढून गादी उन्हात घातली होती, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्याही मागवून ठेवल्या होत्या. तिचा निरोप आला की भाऊबीज भावाकडेच व्हायला हवी. बरोबरच आहे. भाऊ एकच आहे.

फराळाचं नागूच्या घरून आलं. चकली कडक होती, पण चकलीच ती.

१८ नोव्हेंबर

आता सुरंगीच्या वळणावर कुकारा ऐकू येत नाही. येत असेल तर या फटफटाटात कुठला कळणार? गंमत म्हणजे चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. माझ्यासाठी नव्हता तो, तरी ठरल्या जागी कुणीतरी कुणाला तरी बोलावतं आहे याची सवय झाली होती. आता मी त्या वाटेने इतका आवाज करत जातो, आणि इतका एकटा मी पायी जातानाही नव्हतो.

काल वळणावर एक म्हातारा चूड घेऊन वाटेच्या कडेला उभा होता. खांद्यावर घोंगडं, कमरेला कोयता. मी भोंगा वाजवला. त्याने हात वर केला आणि रानात सरकला. आवाजावर रागावला असावा. गुरं बुजत असतील त्याची.

२ डिसेंबर

अंगात कणकण. साइडकारमध्ये नागूची कोंबडी अंडं घालून गेली. मी तिला हाकललं नाही.

१९ डिसेंबर, बेळगाव

मेहुण्यांच्या माडीवर बसून लिहितो आहे.

या खेपेला रेल्वेने न येता तिला न्यायचं म्हणून सबंध वाट फटफटीनेच आलो. दारात गाडी उभी केली, गादी झटकली, म्हटलं, "आवर. दुपारी निघू."

कमल पायरीवरच बसली. म्हणाली, "मी येणार नाही."

"या खेपेला?"

"कुठल्याच खेपेला. मी तुम्हाला नको म्हटलं होतं की, मैदानात. माझ्यासाठी घेऊ नका म्हटलं."

मी म्हटलं, ताप आता सगळीकडेच आहे, बेळगावात काय नाही? तिने ऐकून घेतलं. आवाज न चढवता बोलते ती, त्याचाच त्रास होतो.

"तापानं मी इथं आले हे खरं. पण बरी होऊन वर्ष झालं. तिथं मला तापापेक्षा दुसरंच झालं होतं. तुम्ही उजाडताना जायचा, अंधारात यायचा. आल्यावर हातपाय धुवून वही घेऊन बसायचा. मी समोर असायची. तुम्ही मला आज काय केलंस म्हणून एकदा विचारलं नाही, आणि वहीत मात्र पान पान लिहायचा. इथं शाळेत पंचवीस मुली मला दुपारभर हाका मारतात. मला ते आवडतं."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"ते तुम्ही मला विचारता, आणि मी सांगितलेलं लिहून ठेवता. ऐकत नाही."

नंतर तिने जेवायला वाढलं, माझ्या आवडीची वांग्याची भाजी होती. रागावलेली नव्हती. रागावली असती तर समजूत घालता आली असती. जेवताना मी तिला शाळेतलं काहीतरी विचारायला हवं होतं, पण काय विचारायचं ते सुचेना. आता हे लिहितो आहे, आणि ती खाली भांडी आवरते आहे.

२१ डिसेंबर, सुरंगीच्या वळणावरचं घर

उजवा पाय फळीला बांधलेला आहे. ओसरीवर पडून लिहितो.

काल सकाळी बेळगावहून निघालो. साइडकार रिकामीच, आणि पोतं घालायचं माझ्या ध्यानात आलं नाही. डोक्यात कमलचंच बोलणं. सुपा मागे पडलं, घरही ओलांडलं. दारात थांबून कुलूप काढायचं जिवावर आलं म्हणून तसाच अणशीच्या तोडीवर गेलो, हजेरी घेतली आणि नेहमीच्या वेळी परत फिरलो. वळणावर अंधारून आलं होतं. कार्बाइडचा दिवा फडफडत होता. चाकोरीतून चाक बाहेर काढायला हँडल ओढलं, रिकामी साइडकार वर उचलली, आणि गाडी सबंध माझ्यावर आली. इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. दिवा विझला. घोटा गाडीखाली.

हँडल धरलं, दुसरा गुडघा लावला, जीव खाऊन रेटलं. तसूभर हलली नाही. गुणा मिस्त्री आठवला. रडू आलं, ते पायासाठी नव्हतं.

इतक्या दिवसांनी ते रान पुन्हा ऐकू आलं. आधी किडे, मग ओढ्याचं पाणी. आणि मग वरून कुकारा. तोच, लांबलचक.

मी पडल्या पडल्या विचार केला, आता तिचा गुराखी साद देईल, मग त्याला हाक मारू. कुणी साद दिली नाही. पुन्हा कुकारा आला. पुन्हा कुणी नाही. तिसऱ्या वेळी आवाज वळणाच्या काठावर आलेला होता, नेमका माझ्या डोक्यावर. वाटेवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. याआधीही कधी नव्हतं. संध्याकाळी त्या वाटेने मी एकटाच येतो.

मी ओरडलो. कुकारा घालता येत नव्हता, नुसताच ओरडलो.

वरून बाई म्हणाली, "कुनाचा रंऽऽ?"

तोंडातून निघालं, "कुणाचाच नाही. रायटर आहे डेपोचा. पाय अडकलाय."

"आत्ता!" ती कुणाला तरी म्हणाली. "बोलतोय की ह्यो." आणि चूड भराभर खाली उतरू लागली.

पुढे तो घोंगडंवाला म्हातारा आणि मागे ती. त्याचं नाव झिलू, तिचं फुला. म्हाताऱ्याने वासा घालून गाडी उचलून धरली आणि तिने मला काखेत हात घालून ओढलं. मग दोघांनी मला वर आणलं. घोट्याला कसला तरी पाला वाटून बांधला. गरम पेज दिली. मी प्यालो तोवर कुणी काही विचारलं नाही.

मग फुलाक्का म्हणाली, "दोन पावसाळं घसा फोडतोया तुमच्यासाटनं. आदी वाटलं, मोटा मानूस हाय, बोलत नसंल. मग म्हटलं बहिरा आसंल. नागू म्हनला, बहिरा न्हाई. मग म्हटलं, मुका हाय बिचारा."

"मला वाटलं, गुराख्याला बोलावता."

"गुरं दिस हाय तवर घरला येत्यात. रायटर येत न्हाई."

तिने सांगितलं ते असं. संध्याकाळच्या वाटेवर माणूस दिसला की वरच्या घराने कुकारा घालायचा. खालच्याने साद द्यायची, कुणाच्या घरचा ते सांगायचं, की वरचे लोक निवांत जेवायला बसतात. साद आली नाही तर कुणीतरी खाली उतरायचं आणि तो घरी पोचेपर्यंत मागून चालायचं. वाटेत गवे असतात, अस्वल असतं. तशी रीतच आहे.

"म्हंजे रोज?" मी विचारलं. माझ्याही तोंडून त्यांच्यासारखंच निघालं.

"रोज. ह्यो उतरायचा, तुमच्या फाटकापतुर. आल्यावर गार भात खायाचा." तिने म्हाताऱ्याकडे बोट केलं. "फटफटी आली तवा म्हटलं, सुटला म्हातारा. पर ती बी हितं हिंदकळती म्हून वळनावर जाऊन हुबा ऱ्हायचा. आज आवाज आला आनि मदीच थांबला, तवा आमी दोगं बी उठलो."

झिलू चुलीपाशी पाठमोरा बसला होता. तो बोलत नाही फारसा. मी त्याच्यावर भोंगा वाजवला होता.

मी म्हटलं, मामा, मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "व्हय." एवढंच.

२७ डिसेंबर, कुंभारवाडा

नागूने खांद्याचा आधार देऊन घरी आणलं. पायाचं हाड शाबूत आहे. नागूला विचारलं, तुला सगळं ठाऊक होतं, मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "सांगितलं की सायब. वाटंवर जो आसंल त्याला."

मी वही उलटी चाळून पाहिली. सांगितलं होतं. लिहूनही ठेवलं होतं.

१६ जानेवारी १९२७, बेळगाव

पाय जमिनीला टेकू लागला तशी गाडी बैलगाडीत घालून लोंढ्याला आणि तिथून रेल्वेने इथे आणली. गुणा मिस्त्रीने वाकलेली साइडकार पाहिली, मला पाहिलं, आणि आतल्या कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं. खाली मातकट रंगाची मधली गाडी.

"विकली नाहीस?"

"तुम्ही येणार, म्हणून ठेवली. एवढंच की लवकर आला."

तिला आडवी करून मी पुन्हा उचलली. पाय दुखला, पण उचलली. शेडच्या दारात कमल उभी होती. मी आल्याचं मेहुण्यांकडून कळलं म्हणून संक्रांतीचा तिळगूळ द्यायला आली होती, शाळेतून परस्पर. मी तिला विचारलं, आज मुलींना काय शिकवलंस? तिला आधी वाटलं, थट्टा करतो आहे. मग म्हणाली, काजं करायला. एका मुलीने काज केलं आणि स्वतःच्या परकराला शिवून टाकलं. आम्ही दोघेही हसलो. मला आणखी ऐकायचं होतं, पण तिच्याकडे शिकवणीच्या मुली येणार होत्या.

निघताना म्हणाली, "ही शोभते तुम्हाला."

गाडीवर मागे बसायला जागा नाही, हे दोघांनाही दिसत होतं. महिन्यातून एकदा येत जा म्हणाली. येईन. ती यायची नाही, हे आता मला कळलं आहे. कळल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही. मोकळ्या घराचं कुलूप काढायचं अजून जिवावर येतं.

१९ जानेवारी

आज पहिल्यांदा नव्या गाडीवरून अणशीहून परतलो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावरून ती सरळ चालते, कुठे ओढत नाही. सुरंगीच्या वळणाआधी उतार आहे. तिथे मी इंजिन बंद केलं. गाडी आपली आपण घरंगळत वळणापर्यंत आली आणि थांबली. दोन्ही पाय जमिनीला टेकवून बसलो.

बराच वेळ काहीच नाही. वाटलं, फटफटीचा आवाज ऐकून ते कधीच जेवायला बसले असतील. मग कुकारा आला.

मी साद दिली. घसा फाटला, तरी दिली.

"कुनाचा रंऽऽ?"

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. वाटेभर उत्तर जुळवत आलो होतो. डेपोचा म्हणू, कुंभारवाड्याचा म्हणू, बेळगावचा म्हणू. ऐन वेळी त्यातलं एकही आठवलं नाही.

"फुलाक्काच्या घरचाऽऽ," मी म्हटलं.

आगाऊपणा झाला असं वाटून मी गाडी सुरू करायला लाथ मारणार, तोच आवाज आला.

"मग खाली काय हुबा ऱ्हायलास? वर ये की."

गाडी सुरंगीच्या झाडाला टेकवून चढून आलो. झिलूमामा चूड घेऊन अर्ध्या वाटेवर आला होता, आला तसा माझ्यापुढे चालू लागला. आता ओसरीवर बसलो आहे. आत पानं मांडल्याचा आवाज येतो. सवयीने पिशवीतून वही काढली आणि एवढं लिहिलं.

फुलाक्का दारात येऊन उभी आहे. म्हणते, "हितं बी लिवतुस व्हय? मिटव ते."

मिटवतो.